चोपण जमीन आणि आयनिक बंध

गेल्या उन्हाळ्यात कालव्याखालील एका गावी मातीचे नमुने गोळा करीत असता एका वयस्क बागायतदारांनी प्रस्तुत लेखकास आपले एक शेत दाखविले. शेत तीस गुंठ्यांचे, भारी काळ्या जमिनीचे. एके काळी तेथे ऊस उत्तम येत असे. पुढे वरंब्यांच्या माथ्यावर पांढरे फूल दिसू लागले, उसाची उगवण विरळ झाली, आणि खालच्या कोपऱ्यातील पीक जळून गेले. जमिनीत मीठ फुटले आहे हे ओळखून त्यांनी लागोपाठ दोन उन्हाळे वाफे बांधून त्यांत विहिरीचे पाणी कोंडले व जमीन धुण्याचा प्रयत्न केला. पांढरे फूल बरेचसे नाहीसे झाले. परंतु जमीन सुधारण्याऐवजी अधिकच बिघडली. आता पाणी दिले की ते वर तुंबून राहते, खाली मुरत नाही. वाफसा म्हणून येत नाही. आणि वाळल्यावर माती अशी घट्ट बसते की नांगराचा फाळ वर उचलला जातो.

त्यांचा प्रश्न साधा होता. "साहेब, मीठ पाण्यात विरघळते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मग एवढे पाणी घालूनही माझ्या शेतातले मीठ जात का नाही?"

"आबा, जिप्सम टाका," एवढे सांगून मोकळे होता आले असते. पुष्कळदा तसेच सांगितले जाते, आणि शेतकरी जिप्समची पोती आणून शेतात टाकतोही. परंतु ते नेमके काय करते हे न कळल्यामुळे कोणी ते कमी टाकतो, कोणी पाण्याचा निचरा न करता टाकतो, तर कोणी त्याऐवजी चुन्याची भुकटी टाकतो, आणि पैसा वाया जातो. या प्रश्नाचे खरे उत्तर शाळेत नववी-दहावीच्या रसायनशास्त्रात शिकविल्या जाणाऱ्या, व परीक्षा झाल्यावर बहुतेकांच्या विस्मरणात जाणाऱ्या, एका धड्यात आहे. तो धडा आयनिक बंधाचा होय. येथे तो पुन्हा एकदा, परंतु शेतकऱ्याच्या सोयीने, मांडण्याचा विचार आहे.

मिठाचा खडा आतून कसा असतो?

आपल्या जेवणातील मीठ सोडियम व क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे. सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. पाण्याचा स्पर्श होताच तो पेट घेतो, म्हणून प्रयोगशाळेत त्यास रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. असे हे दोन पदार्थ एकत्र येऊन जे मीठ बनते, ते आपण निर्धास्तपणे आमटीत घालतो. याचे कारण असे की, मिठात धातूरूपी सोडियमही नसतो आणि वायुरूपी क्लोरीनही नसतो. त्यांचे आयन असतात.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी धनभारित केंद्र असते व त्याभोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन थराथरांनी असतात. सोडियमच्या अणूत एकूण ११ इलेक्ट्रॉन असून ते आतून बाहेर २, ८ व १ असे मांडलेले असतात. क्लोरीनमध्ये १७ असून त्यांची मांडणी २, ८ व ७ अशी असते. सोडियमच्या बाहेरच्या थरातील एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला म्हणजे दोघांच्याही बाहेरच्या थरात आठ आठ इलेक्ट्रॉन होतात. ही मांडणी स्थिर असते. एक इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे सोडियमवर एक धनभार राहतो. तो धन आयन झाला. एक इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे क्लोरीनवर एक ऋणभार येतो. तो ऋण आयन झाला, व त्यास क्लोराइड म्हणतात. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. या ओढीनेच मिठाचा खडा बांधलेला असतो, आणि या ओढीलाच आयनिक बंध म्हणतात. अशा रीतीने हा बंध इलेक्ट्रॉनच्या देवघेवीवरून समजावून देण्याची पद्धत जर्मन शास्त्रज्ञ कॉसेल यांनी १९१६ साली घातली.

येथे पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेल्या एका समजुतीची दुरुस्ती केली पाहिजे. सोडियमला इलेक्ट्रॉन 'द्यावयाची हौस' असते व क्लोरीनला तो 'घ्यावयाची', असे विद्यार्थ्यांस सांगतात. हिशेब तसा जुळत नाही. २३ ग्रॅम सोडियमच्या अणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन तोडण्यास ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते; तेच इलेक्ट्रॉन ३५.५ ग्रॅम क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले असता केवळ ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत १४७ किलोज्यूलची तूटच येते. ही तूट कोण भरून काढते? ते सुटे धन व ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचले जातात, तेव्हा ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तात्पर्य, मिठाचे स्थैर्य इलेक्ट्रॉनच्या व्यवहारात नाही. ते विरुद्ध भारांच्या दाट व शिस्तबद्ध शेजारात आहे. मीठ वितळविण्यास ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते, ती यामुळेच.

हा शेजार कसा असतो, ते विल्यम हेन्री ब्रॅग व त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांवरून १९१३ साली कळून आले. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाच्या सहा बाजूंस सहा क्लोराइड असतात व प्रत्येक क्लोराइडच्या सहा बाजूंस सहा सोडियम. अमुक सोडियम अमुक क्लोराइडचा, अशी जोडी त्यांत दाखविता येत नाही; 'मिठाचा रेणू' नावाची सुटी वस्तू खड्यात नसते. ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. सोडियमच्या धन आयनाचे क्लोराइडशी लग्न लागलेले नाही. त्याला ओढ आहे ती ऋणभाराची, मग तो ऋणभार क्लोराइडचा असो, सल्फेटचा असो, की आणखी कशाचा असो. आपल्या शेतकऱ्याच्या अडचणीचे मूळ या 'आणखी कशाचा' यातच आहे.

पाणी मीठ कसे विरघळविते?

८०१ अंशांवर वितळणारा पदार्थ थंड पाण्यात मिनिटभरात नाहीसा होतो, हे खरे पाहता आश्चर्य आहे. पाण्याचा रेणू एका टोकास किंचित धनभारित व दुसऱ्या टोकास किंचित ऋणभारित असतो. पाण्याचे रेणू आपले ऋण टोक आत करून सोडियमभोवती गोळा होतात, व धन टोक आत करून क्लोराइडभोवती. आयनांमध्ये असा पाण्याचा पडदा आला म्हणजे त्यांची परस्परांविषयीची ओढ हवेतील ओढीच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर येते. रॉकेलमध्ये ती निम्म्याच्या आसपास राहते. म्हणून रॉकेलमध्ये मीठ कितीही ढवळले तरी विरघळत नाही.

विरघळलेले आयन पाण्यात सुटे हिंडत असतात, हा सिद्धांत स्वीडनचे आर्‍हेनियस यांनी १८८७ साली मांडला. त्याआधी १८८४ साली याच विषयावरील त्यांच्या प्रबंधास परीक्षकांनी अगदी बेताचे गुण दिले होते. पुढे १९०३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. सुट्या आयनांमुळे पाण्यातून वीज वाहते. माती-परीक्षणाच्या अहवालात 'विद्युत वाहकता' म्हणून जो आकडा असतो, तो मातीच्या पाण्यातील अशा सुट्या आयनांचे माप होय. साखर किंवा युरिया पाण्यात विरघळतात, परंतु त्यांचे आयन होत नाहीत. त्यांचे अणू इलेक्ट्रॉनच्या भागीदारीने जोडलेले असून त्यांचे रेणू अखंडच विरघळतात. यामुळे नुकताच टाकलेला युरिया मातीस धरून राहात नाही व जोराच्या पाण्याबरोबर वाहून जातो. काही दिवसांत मातीतील युरिएज या विकराच्या क्रियेने त्याचे अमोनियम बनले म्हणजे मग तो धरला जातो. युरिया दिल्यावर लगेच भरपूर पाणी सोडू नये, असे जे सांगतात, त्याचे हे एक कारण आहे.

सर्वच आयनिक पदार्थ मात्र मिठासारखे सहज विरघळत नाहीत. स्फटिकातील ओढ व पाण्याची ओढ यांच्या रस्सीखेचीत कोण जिंकतो, त्यावर ते अवलंबून असते. एक लिटर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम विरघळते. जिप्सम सुमारे अडीच ग्रॅम. आणि चुनखडी शुद्ध पाण्यात एका ग्रॅमच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकीही नाही. हे तीन आकडे पुढे लागणार आहेत.

माती स्वतःच ऋणभारित असते

आता शेताकडे वळू. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांचे असतात. हे पापुद्रे सिलिकॉन, ॲल्युमिनियम व प्राणवायू यांचे बनलेले असून, ते मूळ घडले तेव्हाच त्यांत काही ठिकाणी तीन धनभारांच्या ॲल्युमिनियमच्या जागी दोन धनभारांचा मॅग्नेशियम बसला. अशा प्रत्येक जागी एक धनभार कमी पडला. अर्थात् एक ऋणभार शिल्लक राहिला. हा ऋणभार मातीच्या घडणीतच असल्यामुळे तो धुऊन जात नाही. या ऋणभाराची फेड बाहेरून येणाऱ्या धन आयनांनी होते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम, सोडियम यांपैकी जे मातीच्या पाण्यात असतील ते पापुद्र्यांच्या पृष्ठभागी येऊन बसतात.

मातीच्या या गुणाचा शोध इंग्लंडात एका शेती करणाऱ्या गृहस्थांस लागला, ही आपल्या व्यवसायास भूषणावह गोष्ट आहे. यॉर्कशायरमधील जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांनी अमोनियम सल्फेटचे पाणी मातीच्या थरातून पाझरविले, तो खाली जे पाणी आले त्यात अमोनियम जवळजवळ नव्हताच. त्याऐवजी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, आले होते. मातीने अमोनियम ठेवून घेतला व तेवढाच कॅल्शियम सोडून दिला. रसायनशास्त्रज्ञ जे. टी. वे यांनी त्यावर पुढे पद्धतशीर प्रयोग केले, आणि दोघांचेही निबंध १८५० साली प्रसिद्ध झाले. ही अदलाबदल भारास भार अशी चोख असते. एक कॅल्शियम आत यावयाचा तर दोन सोडियम बाहेर पडतात.

नायट्रेटची गोष्ट उलट आहे. तो ऋण आयन असल्यामुळे ऋणभारित माती त्याला धरीत नाही, आणि पावसाच्या पाण्याबरोबर तो खोल निघून जातो. एकाच पोत्यातून आलेल्या नत्राच्या दोन रूपांपैकी एक जमिनीत टिकते व दुसरे वाहते, ते एवढ्या एका भारामुळे.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. त्यांच्या शेतात सोडियम दोन ठिकाणी होता. एक भाग क्लोराइड व सल्फेट यांच्याबरोबर मातीच्या पाण्यात सुटा होता. उन्हाने पाणी उडाल्यावर तोच पांढरे फूल होऊन वर दिसत असे. दुसरा भाग मातीच्या पापुद्र्यांना चिकटून बसला होता, आणि तो डोळ्यांस दिसत नव्हता. त्यांनी पाणी कोंडले तेव्हा पहिला भाग विरघळून खाली गेला. दुसरा गेला नाही, कारण विजेच्या दृष्टीने कोणताही पदार्थ आपला हिशेब अपुरा ठेवू शकत नाही. चिकटलेला सोडियम निघावयाचा तर त्याच्या जागी दुसरा धन आयन आला पाहिजे. नुसत्या पाण्यात असा आयन जवळजवळ नसतो. विहिरीच्या पाण्यात थोडा कॅल्शियम असतो खरा, पण त्याच पाण्यात सोडियम व बायकार्बोनेट अधिक असल्यास कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साक्यासारखा बसतो आणि उरलेला सोडियम उलट मातीत भर घालतो. दोन उन्हाळ्यांच्या मेहनतीत त्यांच्या शेतात हेच घडले.

पण सुटे मीठ गेले, तर निदान तेवढा तरी फायदा व्हावयास हवा होता. जमीन अधिक का बिघडली?

तुरटी आणि गढूळ पाणी

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी निवळविण्यासाठी घागरीत तुरटी फिरवितात, हे आपल्याकडील प्रत्येक घरात माहीत आहे. गढूळपणा म्हणजे पाण्यात तरंगणारे चिकणमातीचे ऋणभारित कण. सारेच ऋणभारित असल्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात व खाली बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार असतात. ते कणांचा ऋणभार झाकून टाकतात, शिवाय पाण्यात ॲल्युमिनियमचा जो कापसासारखा साका तयार होतो तो कणांस गुंतवून घेतो. मग कण एकत्र येऊन तळाशी बसतात.

जमिनीत याच प्रकारचे काम कॅल्शियम करतो. त्याच्यावर दोन धनभार असल्यामुळे तो पापुद्र्यांच्या अगदी जवळ बसतो व शेजारच्या पापुद्र्यांस जवळ आणतो. त्यांचे रवे बनतात, रव्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात, आणि त्यांतून पाणी व हवा खेळते. सोडियमवर भार एकच, आणि तो आपल्याभोवती पाण्याचे वेष्टण सांभाळून थोडा दूर, सैल बसतो. त्यामुळे पापुद्र्यांचा ऋणभार नीट झाकला जात नाही. ओल येताच ते फुगतात, सुटे होतात, आणि सुटलेले कण खालच्या पोकळ्यांत जाऊन बुचासारखे बसतात. हीच चोपण जमीन. जोपर्यंत मातीच्या पाण्यात सुटे मीठ भरपूर असते, तोपर्यंत आयनांच्या त्या गर्दीमुळे कण सुटे होऊ शकत नाहीत. त्या मिठाने पीक जळते, पण जमिनीतून पाणी तरी खाली जाते. सुटे मीठ धुऊन गेले व सोडियम मात्र चिकटलेला राहिला, म्हणजे हा आधारही जातो. आबांनी खारवट जमीन धुऊन तिची चोपण करून ठेवली होती. त्यांना हे सांगणे सोपे नव्हते. दोन उन्हाळ्यांचे पाणी उपसण्यात त्यांचे श्रम व विजेचा खर्च दोन्ही गेले होते.

कोकणातील खार जमिनींचा दाखला देऊन काही शेतकरी म्हणतात की, तेथे तर नुसत्या पावसाने मीठ धुऊन भात येतो. ते खरे आहे. परंतु तेथे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि समुद्राच्या पाण्यात सोडियमबरोबर मॅग्नेशियम व कॅल्शियमही असतात. नीरा, प्रवरा, कृष्णा यांच्या कालव्यांखालील कमी पावसाच्या पट्ट्यातील भारी जमिनीस तो नियम लावता येत नाही. विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे दुखणेही सोडियमचेच असून तेथे ते कालव्याच्या पाण्यापूर्वीपासूनचे आहे.

जमीन खारवट की चोपण, हे घरी कसे पाहावे?

काचेच्या स्वच्छ पेल्यात पावसाचे किंवा बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी घ्यावे. विहिरीचे पाणी घेऊ नये. त्यातील क्षारांमुळे परीक्षा फसते. शेतातील वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ त्यात अलगद सोडावे व पेला न हलविता ठेवून द्यावा. दोन तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूळ फुटून त्याचा ढीग झाला, परंतु पाणी स्वच्छ राहिले, तर घाबरण्याचे कारण नाही. ढेकूळ फुटणे निराळे. ढेकळाभोवती दुधासारखी गढूळ साय पसरत गेली, तर कण सुटे होत आहेत, म्हणजेच चिकटलेला सोडियम अधिक आहे, असे समजावे. त्याच गढूळ पाण्यात चिमूटभर जिप्समची भुकटी ढवळून ठेवावी. काही वेळाने ते निवळू लागते. आबांच्या ओसरीवर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या घरातील सारी मंडळी पेल्याभोवती जमली होती. प्रस्तुत लेखकाच्या तासभर बोलण्यापेक्षा त्या पेल्याने अधिक काम केले, हे मान्य केले पाहिजे.

या परीक्षेने दिशा कळते, प्रमाण कळत नाही. त्यासाठी माती-परीक्षणच हवे. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असेल तर जमीन खारवट, चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक व सामू ८.५ हून अधिक असेल तर चोपण, आणि वाहकता व सोडियम दोन्ही अधिक असतील तर खारवट-चोपण, असे सर्वसाधारणपणे मानतात. भारी काळ्या जमिनीत याहून पुष्कळ कमी सोडियमही निचरा बिघडवितो, म्हणून तेथे १५ चा आकडा गाठण्याची वाट पाहू नये.

जिप्सम किती, आणि पाणी किती?

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातील कॅल्शियम पापुद्र्यांवर बसतो, सोडियम सुटतो, आणि सल्फेटबरोबर सोडियम सल्फेट होऊन सहज विरघळतो. आयनांचा हिशेब चोख असल्यामुळे मात्राही काढता येते. २३ मिलिग्रॅम सोडियम हटविण्यास २० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतो, आणि तेवढा कॅल्शियम ८६ मिलिग्रॅम जिप्सममध्ये असतो. दर १०० ग्रॅम मातीतून एवढा, म्हणजे एक मिलीतुल्यांक, सोडियम काढावयाचा असेल, तर १५ सेंटीमीटर खोलीच्या थरासाठी हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते.

आबांच्या मातीची विनिमयक्षमता १०० ग्रॅममागे ५० मिलीतुल्यांक आली, आणि तीत सोडियम शेकडा १६, म्हणजे ८ मिलीतुल्यांक. तो ३ वर आणावयाचा, तर ५ काढावा लागेल. म्हणजे हेक्टरी साडेनऊ टन जिप्सम. तीस गुंठ्यांस ते सुमारे २.९ टन, अर्थात् ५० किलोची ५८ पोती झाली. बाजारातील जिप्सम शेकडा ८० शुद्ध असेल तर ७२ पोती. दोन-चार पोती टाकून 'जिप्समने काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. सारी रक्कम एकदम उभी करणे शक्य नसेल, तर सर्व शेतावर पातळ पसरण्यापेक्षा दहा गुंठे आधी पुरते सुधारावे, असे आमचे मत आहे.

जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच विरघळते, हे वर सांगितले. साडेनऊ टन विरघळण्यास हेक्टरी ३८ लक्ष लिटर, म्हणजे साऱ्या शेतावर ३८ सेंटीमीटर उंचीचे पाणी लागेल. साडेसात सेंटीमीटरची एक पाळी धरली तर पाच पाळ्या झाल्या. म्हणून जिप्सम बारीक दळलेले घेऊन, मे महिन्यात वरच्या १० ते १५ सेंटीमीटर थरात मिसळावे, वाफे बांधावे, व पावसाचे पाणी जागच्या जागी मुरू द्यावे. खोल नांगरून ते खाली गाडू नये. पाऊस लागल्यावर धैंचा पेरून फुलावर येण्याच्या सुमारास गाडल्यास मातीत कर्बाम्ल वायू वाढतो, आणि त्या पाण्यात एरवी न विरघळणारी चुनखडीही थोडी विरघळू लागते.

चुनखडीचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे की, आपल्या काळ्या जमिनीत पांढरे खडे भरपूर असतात, व त्यांत कॅल्शियमही भरपूर असतो. पण तो कार्बोनेटच्या बंधात घट्ट अडकलेला आहे. ज्या सोडियमशी अदलाबदल करावयाची त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. जिप्समऐवजी चुन्याची भुकटी टाकणे चोपण जमिनीत निरुपयोगी, ते यामुळे. अशा चुनखडीयुक्त जमिनीत गंधकाची भुकटी मात्र चालते. जमिनीतील जिवाणू गंधकाचे गंधकाम्ल करतात, आणि ते चुनखडीवर क्रिया करून जागच्या जागी जिप्सम तयार करते. त्यास वेळ लागतो, आणि ओल व ऊब लागते. विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे. त्यात बायकार्बोनेट व सोडियम अधिक असतील, तर एका बाजूने जिप्सम घालावयाचे व दुसऱ्या बाजूने पाण्यावाटे सोडियम आणावयाचा, असे होते.

राहता राहिला निचरा. तो शेवटी सांगत असलो तरी करावयाचा मात्र सर्वांच्या आधी. सुटलेले सोडियम सल्फेट शेताबाहेर गेले पाहिजे. भूजलाची पातळी उंच असेल व पाण्यास वाट नसेल, तर ते तेथेच खाली साचून राहते, आणि पुढील उन्हाळ्यात केशाकर्षणाने पुन्हा वर येते; आयन तेच, शेत तेच, आणि जिप्समचा खर्च मात्र झालेला. यास्तव शेताच्या खालच्या बाजूस भूजलाची पातळी पुरेशी उतरेल इतका खोल चर खणून तो नाल्यास मिळविला पाहिजे.

आबांच्या शेतातील चर असा नाल्यापर्यंत न्यावयाचा, तर खालच्या शेजाऱ्याच्या बांधावरून न्यावा लागतो. शेजाऱ्याचीही जमीन त्या कोपऱ्यात चोपण होऊ लागली आहे, हे त्याच्याच ढेकळाच्या पेल्यात दिसून आल्यामुळे दोघांनी मिळून चर खणण्याचे ठरविले आहे. हा मजकूर लिहीत असता निम्मा चर झाला आहे. जिप्समची पोती आबांच्या पडवीत फळ्यांवर, ओल लागणार नाही अशी रचून ठेवली आहेत, आणि चराचे पाणी नाल्यास लागेपर्यंत ती उघडू नयेत असे त्यांस सांगितले आहे.